उठा म्हणायला कुणी आलंच नाही

मिरजेत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला दवाखान्यांचं अप्रूप नसतं. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्या आधी पेशंट यायचे. हाड मोडलं की प्लास्टर, प्लास्टर निघालं की व्यायाम, आणि व्यायामाचा कंटाळा केला की माझ्यासारखी एखादी फिजिओथेरपीवाली बाई घरी येऊन ओरडणार, हे सगळं जगात आपोआप होतं असं मी धरून चालले होते. हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले आणि माझं डोकंच फिरलं. येऊन बरेच दिवस झाले, पण अजून सावरले आहे असं म्हणवत नाही.

घरचे विचारतात, काय काय पाहिलंस तिकडं? मी औंढ्याच्या देवळाचं सांगते, तिथल्या कोरीव कामाचं सांगते, उन्हाचं सांगते. उरलेलं सांगायला बसले की माझा आवाज चढतो आणि पोरं उठून जातात. म्हणून इथं लिहिते आहे. कागद उठून जात नाही.

जायचं कारण असं. हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतून नुकता वेगळा निघाला होता. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, बाळंतपण होतं, तापाच्या गोळ्या मिळतात. पण प्लास्टर निघाल्यावर, लकवा मारल्यावर, पाठ धरल्यावर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणं हे तिथं कुणाचंच काम नसतं. ते तिथल्याच नर्सना शिकवता येईल का, आणि रोजच्या कामात बसवता येईल का, हे महिनाभर राहून बघायचं होतं. एका ओळखीच्या संस्थेनं विचारलं, मी हो म्हणाले. मे महिन्यात मराठवाड्यात जायला हो म्हणणारी मी एकटीच निघाले, हे मागाहून कळलं.

वारंगा फाटा

बसचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता. वारंगा फाट्यावर उतरले तर ट्रक, जिपा, टायरची दुकानं आणि ऊन. मी मोठ्या हौसेनं व्यायामाच्या रबरी पट्ट्या नेल्या होत्या. बॅग बसच्या टपावर होती. उघडून बघते तर सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झालेला. तो गोळा हातात घेऊन मी चहाच्या हॉटेलात बसले.

"कुटं जाऊन राहिल्या ताई?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

मी दवाखान्याचं गाव सांगितलं.

"काय तकलीफ हाय?"

"मला काही नाही. मी व्यायाम शिकवायला आलेय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या गोळ्याकडं बघितलं, आणि चहात आणखी साखर टाकली. चहा इतका गोड होता की ओठ चिकटले. आमच्याकडं पाहुण्याला असा चहा दिला तर बाई साखर टाकल्याचं विसरल्या की काय, दोनदा टाकली, असं म्हणतात. इथं तो मान असतो.

डॉक्टर जोशी जीप घेऊन न्यायला आले. हेच आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. हिंगोलीतलेच, भिक्षुकी करणाऱ्या घरातले, वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. स्वभाव गोड, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बघू" म्हणायची सवय. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथं जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं.

दवाखाना

दवाखाना म्हणजे एक व्हरांडा, तीन-चार खोल्या, पुढं कडुनिंब. गवळी सिस्टर म्हणून एक नर्स होत्या. उंच, खणखणीत आवाजाच्या, साडीचा पदर खोचून चालणाऱ्या. पहिल्या सकाळी त्यांनी मला सुशीला खाऊ घातला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला हा पदार्थ, वर शेंगदाणे आणि लिंबू. इतक्या वयापर्यंत मला तो कुणी खाऊ घातला नव्हता याचा राग आला, इतका चांगला. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि सिस्टर म्हणाल्या, "हे तर लेकराचं हाय बाई, तिखट वायलंच करते."

मी व्हरांड्यात टेबल मांडून बसले. ओपीडी भरून वाहत होती. ताप, जुलाब, खरूज, गरोदर बाया. माझ्याकडं कुणी नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी नाही. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं.

"आमच्याकडं तसले पेशंट नाहीतच मॅडम," ते म्हणाले. "लकवावाले, हाड मोडलेले, असे कुणी येतच नाहीत. तरी बघू."

मी तडकले. "अहो, ज्याला चालता येत नाही तो चालत येणार आहे का तुमच्याकडं?"

डॉक्टरांनी पुढचा केसपेपर ओढला. सिस्टर मात्र हसल्या. "उद्या लसीकरण हाय तांड्यावर. चला माझ्यासंगं. दाखवते तुमाला नसलेले पेशंट."

तांडा

तांड्यावर सगळी बंजारा समाजाची घरं. पूर्वी बैलांवर माल लादून देशभर हिंडलेले लोक, आता शेती करतात आणि हंगामात ऊस तोडायला तुमच्याआमच्याकडं येतात. आपसात त्यांची गोरमाटी बोली, आपल्याशी मराठी. सिस्टर शाळेच्या ओट्यावर लसीचा डबा घेऊन बसल्या, मी घरांमधून हिंडायला लागले.

एका दारात, सावलीत, बाजेवर एक बाई गोधडी शिवत बसली होती. पस्तिशीची असेल. चेहरा तरतरीत, दंड भरलेले. शेजारी दहा-अकरा वर्षांची पोरगी उभी. बाईनं तिला काहीतरी सांगितलं. पोरगी वाकली, आईच्या दोन्ही काखांत हात घातले, दात आवळले आणि आईला ओढत बाजेवरून खाली घेतलं. मग आई दोन हातांवर जोर देत, ढुंगणावर घसरत घसरत घरात निघाली. पोरगी मागून तिचे पाय उचलून धरत होती, हातगाडीसारखे.

मी जागच्या जागी थिजले. मी रोज लुळी माणसं बघते, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या बाईच्या पायाची बोटं घसरताना हलत होती. लुळ्या पायाची बोटं हलत नसतात.

मी आत शिरले, नाव विचारलं, पाय दाबून बघितला. जमुनाबाई राठोड. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं, उसाच्या ट्रॉलीवरून पडून. मोठ्या दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर झालं, ते निघालं. पायाला जाणीव होती, जोर होता. मांड्या वाळलेल्या, गुडघा अर्ध्यावर अडलेला, पण लुळेपणा नावाला नाही.

"कधीपासून बसून आहात?"

"तिसरं वरीस लागलं."

"उठत का नाही?"

जमुनाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की वेडी मी आहे. "डाक्टरनं सांगितलं न्हाई अजून."

एवढ्यात त्यांचे मालक परसराम शेतातून आले. बारीक अंगाचा, शांत माणूस. मला पाणी दिलं, मग सगळं नीट सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर ते बायकोला घेऊन आपल्याच आरोग्य केंद्रात गेले होते. तेव्हा दुसरे डॉक्टर होते. त्यांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. हाड कच्चं आहे, पुन्हा मोडलं तर कायमची पांगळी होईल. यांनी बराबर ऐकलं. सांगितल्या वेळेला पुन्हा दाखवायला गेले, तर त्या डॉक्टरांची बदली झालेली. खुर्ची रिकामी. नंतर दोन-तीनदा गेले, रिकामीच.

"मग नवीन डॉक्टर आले त्यांना विचारायचं की," मी म्हणाले.

"त्यांनी थोडंच सांगितलतं?" परसराम म्हणाले. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं लागतं बाई."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. दोन वर्षांच्या वर. एका वाक्यापायी. आणि हयगय म्हणावी तर ती कुठं दिसत नव्हती. बाजेला त्यांनी बाईला धरायला दोन बाजूंनी दांडे बसवले होते. औंढ्याला जत्रेला पाठीवर घेऊन गेले होते. जो हुकूम डॉक्टर विसरून गेले असतील तो या घरानं देवाच्या दिव्यासारखा जपला होता. मला संताप कुणाचा येतोय तेच कळेना. मी जमुनाबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "उठा. मी सांगते, उठा."

परसराम मध्ये आले. हात लावला नाही, फक्त मध्ये उभे राहिले. "न्हाई बाई. मोडला तर पोरीला आई कुठून आणू?"

परत जाताना सिस्टरांनी मला समजावलं. तांड्याचा एक नायक असतो. त्यानं एखाद्या घरावर काही बंदी घातली तर ती त्याच्याच तोंडून उठते. तो गेला तर त्याच्या जागेवर बसेल त्याच्या तोंडून. बाकी कुणी, कितीही शहाणा असला तरी, ती उठवत नाही. "तुमी कितीबी शिकलेल्या असा, तुमी त्या जागेवरच्या न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. "म्हाई बी तीच गत. मी तर दर महिन्याला या दारावरून जाते. मला वाटलं, हिला लकवा हाय."

याच वाक्यानं मी जास्त हबकले. दर महिन्याला दारावरून जाणारी शहाणी, कामाची बाई. लेकरांची एक लस तिनं चुकू दिली नव्हती. पण बसलेल्या माणसाला, का बसलात, असं विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते तिचं कामच नव्हतं. त्या खात्यात ते कुणाचंच काम नव्हतं.

हिंगोली

डॉक्टर जोशी घाबरले. "मॅडम, मी हाडांचा डॉक्टर नाही. पडली बिडली तर? आधी एक्स-रेचा फोटो काढू, मग बघू."

फोटोचं त्यांचं बरोबर होतं. इतक्या दिवसांत हाडं पोकळ होतात, जपूनच करायला हवं. दुसऱ्या दिवशी जीपनं हिंगोलीला निघालो. परसरामांनी बायकोला पाठीवर घेऊन तांड्यावरून डांबरीपर्यंत आणलं. पोरगी, संगीता, मागून चपला घेऊन. तिला मी विचारलं, कितवीत आहेस? तिनं मान खाली घातली. उत्तर जमुनाबाईंनी दिलं.

"चौथी झाली. पहिली आलती. पुढं आश्रमशाळा, तिथं ऱ्हावं लागतं. गुरुजी म्हणले, शाळा उघडायच्या दिवशी आणा, न्हाई तर तिची जागा दुसऱ्या पोरीला देतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे जातात उसाला, तवा मला बाहेर कोण न्हेणार? ती गेली तर मी काय करू?"

बाहेर म्हणजे कुठं हे मला सांगावं लागलं नाही. तांड्यावर संडास नव्हते. सकाळी अंधारात बाभळीच्या आड जायचं. अकरा वर्षांची पोरगी रोज आईला ओढत तिथवर नेत होती, आणि त्यासाठी तिची शाळा सुटणार होती. जीपमध्ये मी काही बोलले नाही. बोलले असते तर ड्रायव्हरनं गाडी थांबवली असती, असं काहीतरी तोंडातून निघालं असतं.

फोटो काढला. हाड जुळून केव्हाचं पक्कं झालं होतं, जरासं वाकडं, पण पक्कं. हिंगोलीतल्या हाडाच्या डॉक्टरांनी उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "ही बाई चालत का नाही?" डॉक्टर जोशींनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

जोशींच्या आईंनी सगळ्यांना जेवायला थांबवलं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. ओसरीवर सगळे ओळीनं बसलो. परसराम जेवेनात. फोटोचं पाकीट मांडीवर धरून बसले होते. शेवटी डॉक्टरांना म्हणाले, "एक विचारू का साहेब? ते पहिले डाक्टर ज्या खुर्चीवर बसत होते, तुमी तिच्यावरच बसता का?"

डॉक्टर गोंधळले. "हो, खुर्ची तीच आहे. का?"

"मंग तुमी सोडवू शकता. पण हितं न्हाई. खुर्चीवर बसून म्हणा."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी कालपासून ज्या गोष्टीसाठी डोकं फोडत होते ती या माणसानं धपाटा बाजूला सारून सांगितली होती. हुकूम माणसानं दिला असला तरी तो खुर्चीचा असतो. मग तो पुरा करायची जबाबदारीसुद्धा खुर्चीचीच.

खुर्ची

दुसऱ्या दिवशी ओपीडी थांबवून डॉक्टर खुर्चीवर बसले. नेहमी पांढरा कोट घालत नाहीत, त्या दिवशी घातला. समोर बाकावर जमुनाबाई. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिस्टर, मागं परसराम. दारात निम्मं गाव.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा बघितला. घसा साफ केला. मला वाटलं, आता हा माणूस "बघू" म्हणणार, आणि म्हणाला तर मी त्याला धरून हलवणार.

"जमुनाबाई," ते म्हणाले, "तुमचं हाड जुळलंय. पाय टेकायला हरकत नाही. उठा."

जमुनाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी डावा पाय फरशीवर ठेवला आणि लगेच उचलला, चटका बसल्यासारखा. पुन्हा ठेवला. आमच्या खांद्यांवर हात टाकले आणि उठल्या. आमच्या दोघींपेक्षा उंच निघाल्या. मला ते माहीतच नव्हतं, त्यांनाही आठवत नसावं. खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. आणि मग त्यांचे डोळे फिरले, कारण इतक्या दिवसांनी उभं राहिल्यावर चक्कर ही येतेच, आणि मी वीस वर्षांच्या अनुभवाची बाई, त्यांना धरायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी. तिघी एकमेकींवर पडलो. सिस्टर सगळ्यात खाली.

"म्हाई कंबर," सिस्टर खालून म्हणाल्या, "आता माझाबी फोटो काढा." लोक हसले. जमुनाबाई हसल्या नाहीत. पाणी प्याल्या, आणि खुर्चीतल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "मंग हे तवाच काहून न्हाई सांगितलं?"

परसरामांनी टोपी काढून हातात धरली होती. डॉक्टर उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागून गेले तर ते कडुनिंबाकडं बघत उभे. "मॅडम," ते म्हणाले, "पलीकडच्या वस्तीवर एक म्हातारेबुवा आहेत. कंबर धरली म्हणून मी त्यांना पडून राहा म्हणालो होतो. किती दिवस ते सांगायचं राहिलं. होळीच्या आधीची गोष्ट आहे." त्यांनी कोट काढला नाही, तसेच जीपमध्ये बसले आणि गेले. म्हातारेबुवा अजून पडूनच होते, हे संध्याकाळी कळलं. त्या दिवसापासून डॉक्टरांचं "बघू" बरंच कमी झालं.

पुन्हा तांड्यावर

पुढचे दिवस मी आणि सिस्टर रोज सकाळी तांड्यावर. मी त्यांना गुडघा कसा वाकवायचा, उभं करताना कुठं धरायचं, दुखणं कुठलं चालेल आणि कुठलं चालणार नाही, हे शिकवत होते. सिस्टर झटकन शिकल्या. गप्पा मारता मारता करायच्या, ते मला कधी जमलं नाही. माझा सगळा भर चालण्यावर. परसरामांनी बांबूची काठी तासून दिली. जमुनाबाई दारापासून बाजेपर्यंत, मग बाजेपासून शेजारच्या दारापर्यंत जायला लागल्या. मी खूश. त्या मात्र नाहीत.

"चालून मी काय करू बाई?" एक दिवस म्हणाल्या. "बसता कुठं येतं मला?"

गुडघा पुरता वाकत नव्हता. उकिडवं बसणं अशक्य. आणि त्याशिवाय बाभळीच्या आड जाऊन उपयोग काय? मी इकडं चालणं मोजत बसले होते, त्यांना चालणं कशासाठी हवंय ते विचारलंच नव्हतं. मला आमच्याकडच्या संडासातल्या खुर्च्या, भिंतीचे दांडे आठवले. ते इथं कुठून आणायचे? पण दगड होते, आणि परसरामांना हाताचं काम येत होतं. बाभळीच्या पलीकडं त्यांनी दोन उंच चिरे रोवले आणि त्यांच्यापुढं एक भक्कम खुंटा. चिऱ्यांवर टेकायचं, खुंट्याला धरून उठायचं. सिस्टरांनी आधी स्वतः बसून दाखवलं, लांबून. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो.

पहिल्यांदा जमुनाबाई तिथं संगीताला घेऊनच गेल्या. दुसऱ्यांदाही. एकटीनं जायची भीती वाटत होती. वाटेत पडले तर? आणि परसरामांनी तर अटच घातली होती. ओरडून नाही, शांतपणे. "ती येकटी जाऊन येकटी परत आली, तरच पोरगी शाळंत. न्हाई तर मी उसाला गेल्यावर हिला काय झालं, तर मला कोण कळवील?" मला तो माणूस चूक वाटत नव्हता. मला फक्त रोज रात्री झोप लागत नव्हती. आश्रमशाळा उघडायला आता मोजके दिवस उरले होते आणि माझा महिनाही संपत आला होता.

आश्रमशाळा उघडायच्या सकाळी मी सिस्टरांबरोबर शेवटचं तांड्यावर गेले. दुपारी मला परत निघायचं होतं. सूर्य नुकता वर आला होता. घराशी आलो तर बाज रिकामी.

संगीता दारात उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. "याडी न्हाई," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. तिला जाग आली तेव्हा आई जागेवर नव्हती. काठीही नव्हती. परसराम कुठं आहेत विचारलं तर तिनं विहिरीकडं बोट दाखवलं. ते पळत गेले होते.

विहीर म्हटल्यावर जे सगळ्यांच्या मनात येतं तेच माझ्याही आलं. मी त्या बाईला उभं केलं होतं, हिंडतं केलं होतं, आणि विहीर शेतातच होती. सिस्टरांनी माझा दंड घट्ट धरला.

मग बाभळीच्या बाजूनं जमुनाबाई येताना दिसल्या. एका हातात काठी, एका हातात पत्र्याचा डबा. हळूहळू, थांबत थांबत. घाम आलेला, लुगड्याला माती लागलेली, म्हणजे वाटेत एकदा तरी पडल्या होत्या. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एवढ्या बिगीनं काहून आलात बाई?" त्या रागानं म्हणाल्या. "माणसाला जरा येकटं जाऊ द्याल का न्हाई?"

विहिरीकडून परसराम धापा टाकत आले. बायकोला बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि होते तिथंच मातीत बसले. खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही दुसरीकडं बघितलं. सिस्टर रडत होत्या, मी रडत होते, जमुनाबाई मात्र उभ्या होत्या, काठीवर, थोड्या थरथरत.

मग परसराम उठले, उपरणं झटकलं आणि पोरीला म्हणाले, "संगे, आंघोळ कर. शाळंला जायचं हाय."

संगीता हलली नाही. ती आईकडं बघत होती. "मंग तुला बाहेर कोण न्हेईल?"

जमुनाबाईंनी डबा तिच्या हातात दिला. "हे घासून ठेव अन् जा," त्या म्हणाल्या. "मला कोणी न्ह्यायला मी काय लेकरू हाय?"